चौकटीवरची बंदूक: जुनी शस्त्रे ओळखणे, राखणे आणि मुंबईच्या हवेत टिकवणे

गिरगावातील एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक पाहण्यासाठी काही वर्षांपूर्वी मला बोलावणे आले. मूळ घर कोकणातले, बंदूक आजोबांच्याही वडिलांची, आणि घरच्यांचे म्हणणे एवढेच होते की तिचा गंज काढून तिला जरा चकाकी आणून द्यावी. मी बंदूक उतरवून सतरंजीवर आडवी ठेवली, तोंड रिकाम्या भिंतीकडे केले, पिशवीतून एक सरळ लाकडी काठी काढून ती नळीत हळूच सरकवली आणि ती जिथे थांबली तिथे नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण केली. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून धरली. खूण तोंडाशी जुळवल्यावर काठीचे दुसरे टोक नळीच्या बुडाशी, ठिणगी आत जाते त्या रंजकाच्या भोकापर्यंत यायला हवे होते. ते चार बोटे अलीकडेच थांबले. "काकू, ही भरलेली आहे," असे मी म्हणालो, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, दर दसऱ्याला मी हिच्यापुढे उदबत्ती लावते."

म्हणून जुनी बंदूक हाती आल्यावर पहिली कृती हीच करावी, आणि ती करण्याआधी घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा भाग) उचलून पाहू नये, चाप ओढून पाहू नये, नळीत डोकावू तर मुळीच नये. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. ती कोरडी राहिली असेल तर शंभर वर्षांनीही पेट घेते. पूर्वी शेताच्या राखणीसाठी किंवा रानडुकरांसाठी बार (दारू आणि गोळी किंवा छर्रे) भरून बंदूक टांगून ठेवण्याची रीत होती, आणि भरणारा माणूस गेल्यावर ती गोष्ट कोणालाच माहीत नसे. काठी अलीकडे थांबली म्हणजे आत बारच आहे असे नाही. गंजाचा थर असू शकतो, चिंधी असू शकते, कुंभारीण माशीने केलेले मातीचे घरही मी पाहिले आहे. परंतु ते ठरवण्यासाठी आत सळई खुपसणे, नळी तापवणे किंवा भोकात सुई फिरवणे यांपैकी काहीही घरी करू नये. बंदूक आडवी ठेवावी, तोंड माणसांच्या दिशेला येणार नाही असे पाहावे, आणि परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. बंदुकीबरोबर एखाद्या डबीत तांब्याच्या लहानशा टोप्या सापडल्या तर त्यांनाही हात लावू नये. जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचे फुल्मिनेट असते आणि ते घर्षणानेही फुटते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ती कंटाळवाणी आहे खरी, पण पुढे साफसफाई आणि दुरुस्ती कुठवर करायची हे त्यावरच ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे: कालबाह्य धाटणीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडकळीस आलेले असे शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. या वाक्यातले वजनदार शब्द 'दुरुस्ती करून' हे आहेत. बंदूक दोनशे वर्षांची आहे एवढ्याने ती सवलतीत बसत नाही. नळी शाबूत असेल आणि भोक मोकळे करून ती उडवता येण्याजोगी असेल, तर तिला परवाना लागतो. उलट, जी वस्तू आज खरोखर निकामी आहे तिचे बुजलेले भोक हौसेने मोकळे करून, तुटलेली कमान (स्प्रिंग) बदलून कोणी तिला चालती केली, तर तो माणूस शोभेच्या वस्तूचे विनापरवाना शस्त्र करून ठेवतो. आपली वस्तू नेमकी कोणत्या बाजूची आहे हे स्वतः ठरवू नये, जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा. मुंबईत परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे चालते. परवाना आजोबांच्या नावाचा असेल आणि आजोबा हयात नसतील, तर वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो आणि तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, हेही संग्रहाची आवड असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.

ओळख पटवणे हा या कामातला सर्वांत रसाळ भाग आहे, आणि त्यासाठी बंदूक साफ करण्याची गरज नसते. किंबहुना साफ करण्याआधीच तो उरकावा. खोलीतले दिवे मालवावेत आणि लहान विजेरी धातूच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकावा. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणाऱ्या नळीवर तिरक्या उजेडात अक्षरे, मुकुट, आकडे अचानक वर येतात. जे दिसेल त्याचे छायाचित्र त्याच क्षणी घ्यावे आणि आकार वहीत काढून ठेवावा.

आधी बार कसा पेटतो ते पाहावे. कुंद्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाच्या फटीतून एक वाकडा, नागाच्या फण्यासारखा दांडा वर आलेला असेल आणि त्याच्या टोकाला वात धरण्याची चीर असेल, नळीच्या उजव्या बाजूला रंजकाची (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची) लहान वाटी असेल, तर ती तोड्याची बंदूक. पेटता तोडा म्हणजेच जामगी त्या चिरेत धरत आणि चाप दाबला की दांडा पुढे वाटीत झुकत असे. युरोपात ही पद्धत अठराव्या शतकाच्या आरंभीच मागे पडली, परंतु आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकातही नांदत होती, कारण तोडा गावात वळता येत असे, यंत्रणा गावचा लोहार नीट करू शके आणि गारगोटी देते तसा ऐन वेळी दगा ती देत नसे. म्हणून केवळ तोडा पाहून बंदुकीला शिवकाळात नेऊन बसवणे हा आपल्याकडचा नेहमीचा मोह आवरावा. कुंद्याचा आकार प्रदेश सांगतो: सरळ, बारीक कुंदा उत्तरेकडचा, मागे खोल वळलेला रुंद कुंदा सिंधकडचा, खाली झुकलेला नाजूक कुंदा कोडगूकडचा. नळी कुंद्याला धातूच्या पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली असते. नळीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे आणि आकडे दिसले तर ती एखाद्या संस्थानाच्या शस्त्रागाराची नोंद असू शकते. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या वस्तूंवर अशी अक्षरे असतात. वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी नक्षी मात्र टिपू सुलतानाच्या कारखान्यांची खूण आहे, आणि म्हणूनच तिची नक्कलही खूप होते.

घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरण्याची सोय असेल आणि समोर पोलादी झाकण असेल तर ती चकमकीची बंदूक, जिला जुन्या कागदांत पथरकला म्हटलेले आढळते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची चकमकी बंदूक मुंबईच्या घरांतून अजूनही कधीमधी निघते. तिची नळी ३९ इंच लांब, आतला व्यास सुमारे पाऊण इंच, आणि नळी पट्ट्यांनी नव्हे तर कुंद्यातून आरपार गेलेल्या बारीक खिळ्यांनी धरलेली असते. बाजूच्या पोलादी पट्टीवर चार भागांत विभागलेले पत्त्यांतल्या बदामाचे चिन्ह आणि त्यात 'व्ही ई आय सी' ही अक्षरे असतील तर ती कंपनीची आधीची छाप. मागच्या दोन पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह असेल तर ती १८०८ च्या सुमारास सुरू झालेली नंतरची छाप. त्यानंतर आली टोपीची बंदूक, जिच्या घोड्याला जबडा नसून खोलगट डोके असते आणि ते नळीला बसवलेल्या पोकळ बोंडावर आपटते. १८५३ नमुन्याची एन्फील्ड रायफल याच जातीची: नळी ३९ इंच, तीन पट्ट्यांनी बांधलेली, आतला व्यास ०.५७७ इंच. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट हिच्याच नावाशी जोडलेली आहे. उठावानंतर देशी पलटणींना आतून गुळगुळीत केलेल्या बंदुका देण्यात आल्या, त्यामुळे बाहेरून एन्फील्ड दिसणारी आणि आतून आटे (नळीतल्या वळणदार खाचा) नसलेली बंदूक हाती आली तर ती खोटी आहे असे लगेच म्हणू नये. बंदूक मागून उघडत असेल, म्हणजे स्नायडर, मार्टिनी-हेन्री किंवा त्यांच्या पुढच्या पिढीची असेल, तर मात्र सवलतीचा विचार मनात न आणता आधी परवाना शोधावा.

नळीच्या बुडाशी, बहुधा खालच्या बाजूला, नळीची मजबुती तपासल्याच्या म्हणजे चाचणीच्या छापा असतात. मुकुटाखाली 'जी पी' आणि मुकुटाखाली 'व्ही' ही लंडनची जोडी. मुकुट आणि त्याखाली फुली मारल्यासारखे दोन राजदंड ही १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची खूण. लंबगोलात 'ई एल जी' असेल तर नळी बेल्जियमच्या लीएज शहरातली. दुनळी, नक्षीदार, 'साहेबाने दिलेली' म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी बंदुकांच्या पोटाखाली हेच लंबगोल सापडते, आणि घरच्यांचा थोडा हिरमोड होतो. छापेजवळचा १२ किंवा १६ हा आकडा व्यासाचा असतो, पण इंचात नव्हे: एक पौंड शिशातून नळीत बसणाऱ्या किती गोळ्या होतील ती ही संख्या. म्हणून १२ ची नळी १६ च्या नळीपेक्षा रुंद असते, आणि १२ म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर मिळणाऱ्या बंदुकांबद्दल चार शब्द सांगणे भाग आहे. तिथे खरी जुनी वस्तू निघत नाही असे नाही, पण शोभेसाठी नव्याने केलेल्या आणि तेजाबाने जुन्या केलेल्या बंदुकाच जास्त. खरा गंज असमान असतो: हाताने धरायच्या जागी धातू गुळगुळीत आणि गडद, रंजकाच्या भोकाभोवती खोल खड्डे, पट्ट्यांच्या खाली वेगळाच रंग. तेजाबाचा गंज सगळीकडे सारखा, देवीच्या वणांसारखा पसरतो आणि अक्षरांच्या खाचेतही तेवढाच असतो. नळीच्या आत बोट फिरवल्यावर सरळ रेषेत जोड लागला, तर ती बाजारातली पाइप आहे. स्क्रूच्या खाचा अगदी मधोमध, एका मापाच्या असतील तरी शंका घ्यावी, कारण इंग्लंडमध्येसुद्धा स्क्रूच्या आट्यांचे सर्वमान्य माप १८४१ मध्ये व्हिटवर्थने सुचवेपर्यंत नव्हते, आणि आपल्या कारागिराने तर प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या भोकासाठी घडवलेला असे. कंपनीचे बदाम, सिंह आणि 'टॉवर' (लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची छाप) ही अक्षरे एकाच पट्टीवर गर्दी करून बसली असतील तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावे.

आता साफसफाई. यात माझे मत ठाम आहे: मुंबईत जुन्या बंदुकांचे नुकसान पावसाने जेवढे केले आहे तेवढेच उत्साही हातांनी केले आहे. चिंच, लिंबू, राख, पितळ उजळण्याची पावडर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, यांतले काहीही बंदुकीला लावू नये. नळीवरचा गडद तपकिरी रंग पुष्कळदा गंज नसतो; कारागिराने मुद्दाम, अनेक दिवस लावून चढवलेला तो लेप असतो, आणि तो घासून नळी चांदीसारखी केली की छापा पुसट होतात आणि वस्तूची किंमत उतरते. कोफ्तगिरीचे काम तर आणखी नाजूक. त्यात लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओरखडून त्यांवर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवलेली असते. घासणाऱ्या फडक्याबरोबर सोने निघून जाते आणि खाली नुसत्या रेघा उरतात.

काढायचा असतो तो फक्त जिवंत गंज: नारिंगी, भुसभुशीत, पांढऱ्या कापडावर डाग सोडणारा. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे लोखंडावर उमटतात आणि महिन्याभरात ते गंजून कायमचे होतात. शिलाई मशिनचे तेल कापसाच्या बोळ्याने गंजावर लावून एक दिवस थांबावे. नंतर बांबूची कामटी पाचरीसारखी तासून तिच्या धारेने गंजाचा पापुद्रा हलकेच खरवडावा. बांबू भुसभुशीत गंज खरवडण्याइतका कठीण पण लोखंडापेक्षा मऊ असतो. धार बोथट झाली की पुन्हा तासावी. तपकिरी झालेले तेल लगेच टिपून घ्यावे, पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. वीतभर नळीला एक रविवार लागतो, आणि तो लागू द्यावा. खोबरेल तेल वापरू नये. ते काही महिन्यांत खवट आणि चिकट होऊन धूळ धरते. काम झाल्यावर धातू पूर्ण पुसून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर द्यावा. संग्रहालयांत वापरले जाणारे असे एक मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले. तेलापेक्षा मेण बरे, कारण ते ओघळत नाही.

लाकडाला मेणाचा तोच थर पुरे. जवसाचे तेल लावण्याची जुनी सवय आहे, परंतु वर्षानुवर्षे थरावर थर चढून कुंदा काळा आणि चिकट होतो. आणि त्या तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती पसरून वाळवावीत. कुंद्याखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारा किडा जिवंत आहे असे समजून ती वस्तू इतरांपासून वेगळी करावी.

स्क्रू काढण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. यावीच लागली तर खाचेत घट्ट, पूर्ण रुंदीचे पाते बसेल असा स्क्रू ड्रायव्हर हवा; तो नसेल तर घासून करून घ्यावा. न हलणाऱ्या स्क्रूला तेल घालून चार-पाच दिवस विसरून जावे. एका पुठ्ठ्यावर बंदुकीच्या पट्टीची आकृती काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवावा, कारण त्यांची अदलाबदल झाली की आटे कापले जातात. नळीच्या बुडाचा पेच कधीही फिरवू नये. घोडा पूर्ण खाली असू द्यावा, म्हणजे आतल्या कमानीवर ताण राहत नाही.

कमान, चाप, भोक, नळी यांची खरी दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी, कारण कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. घरी करण्याजोगे एवढेच: कुंद्याची निघालेली ढलपी सरसाने चिकटवणे, सैल पट्टीखाली पातळ चामड्याची चकती घालणे, बार ठासण्याच्या हरवलेल्या गजाच्या जागी नवा लाकडी गज करून त्यावर सालाची बारीक नोंद करणे. सरस यासाठी की तो उद्या कोमट पाण्याने सुटतो. इपॉक्सी सुटत नाही.

मुंबईत खरी लढाई हवेशी असते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, समुद्रावरून मीठ येते, आणि लोखंडाला साधारण ६० टक्क्यांच्या पुढचा ओलावा सोसत नाही. गिरगावच्या त्या बंदुकीवर गंज होता तो फक्त भिंतीकडच्या बाजूला. पलीकडे मोरी होती आणि भिंतीत ओल होती. म्हणून बाहेरच्या किंवा मोरीच्या भिंतीवर बंदूक टांगू नये, टांगलीच तर भिंतीपासून दोन बोटे अंतर राखावे. चामड्याच्या म्यानात किंवा लोकरी कापडात गुंडाळून ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. रबराचा आधार देऊ नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लायवूडच्या नव्या कपाटातल्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्या पांढऱ्या पडून भुगा होतात. ती पांढरी पूड विषारी असते. वातानुकूलित खोलीतून जुलैच्या हवेत बाहेर आणलेली नळी थंड पाण्याच्या तांब्यासारखी घामेजते, म्हणून ती आधी कापडासकट बाहेर ठेवून तासाभराने उघडावी. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवावा; रंग बदललेले जेल ११० अंशांच्या आसपास भट्टीत वाळवून पुन्हा वापरता येते. जूनच्या आधी एकदा आणि नवरात्राच्या आधी एकदा वस्तू बाहेर काढून पाहावी.

नवरात्राच्या आधी अशासाठी की पुढे दसरा येतो. शस्त्रपूजेत वाहिलेले गंध, हळद-कुंकू आणि पाण्याने निथळणारी झेंडूची फुले रात्रभर नळीवर राहिली की दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आकाराचे डाग उठतात. गंध पाटाला लावावे, फुले पाटावर वाहावीत, आपट्याचे पान कोरडे असते ते बंदुकीवर ठेवायला हरकत नाही.

चाळीतल्या त्या बंदुकीचा बार परवानाधारक कारागिराने काढला. आतून नारळाच्या काथ्याचा बोळा, मूठभर छर्रे आणि कोरडी ठणठणीत दारू निघाली. परवाना आजोबांच्या नावाचा होता, म्हणून ती काही महिने विक्रेत्याकडे जमा राहिली आणि नातवाच्या नावाचा परवाना झाल्यावर घरी आली. चकाकी तिला मी दिली नाही. आता ती आतल्या खोलीत कपाटात आडवी असते, आणि काकू उदबत्ती पाटाच्या दुसऱ्या टोकाला लावतात.